मुरमाच्या वाटेवरून



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी भूगोलाच्या वहीत नद्यांची नावे चुकविली, त्याच शाळेच्या व्यासपीठावरून सरांच्या स्मृतिनिमित्त बोलण्याचा प्रसंग यावा, हा माझा मोठा बहुमान आहे. आणि तितकाच संकोचाचा विषयही आहे. या व्याख्यानमालेत आजवर विद्वान मंडळींनी आपले विचार मांडले. मी विद्वान नव्हे. रस्ते बांधणारा अभियंता म्हणून मी सारी नोकरी केली आणि निवृत्तीनंतर पुन्हा सायकलवर बसलो, एवढाच माझा अधिकार. म्हणून आजचा विषयही मी माझ्या अधिकाराबाहेरचा घेतलेला नाही. मोटारींची वर्दळ नसलेल्या, मुरमाच्या आणि खडीच्या वाटेने सायकलवरून रानात जाणे, हा तो विषय. संयोजकांना तो थोडा हलका वाटला असावा. सर असते तर त्यांना तसे वाटले नसते, कारण भूगोल त्यांनी आम्हांला त्याच वाटेवर शिकविला.

येथे बसलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांना ते रविवार आठवत असतील. पहाटे आम्ही सात-आठ मुले आपापल्या, बहुधा वडिलांच्या, सायकली घेऊन प्रतापनगर स्टेशनावर जमत असू. सायकली गार्डाच्या डब्यात चढत आणि छोटी गाडी डभोईच्या दिशेने निघे. तिचा वेग असा की, उतरून चालावे आणि पुन्हा चढावे असे आम्हां मुलांना वाटे. सरांचा हात मात्र दारातल्या दांडीवर पक्का असे. डभोईला किंवा बोडेलीला उतरून आम्ही सायकली हाणू लागलो की डांबरी सडक सोडून गाडीवाटेला लागायचे, हा सरांचा नेम. कारण विचारले तर म्हणत, "सडकेवर तुम्ही पुढे बघता. इथे खाली बघाल."

खाली पाहण्यासारखे पुष्कळ होते. बडोद्याहून डभोईपर्यंत काळी कापसाची जमीन. बोडेली जवळ येते तशी ती फिकी आणि भुरभुरीत होत जाते. ओरसंग नदीचे रुंद, वाळूने भरलेले पात्र ओलांडले की चाकाखाली प्रथम दगडाचा कण लागतो. तेथून उत्तरेला जांबुघोड्याकडे वळले म्हणजे टेकड्या, साग, बांबू, मोह आणि पळस यांचा प्रदेश सुरू होतो आणि वाटेला मुरूम लागतो. शिवराजपूरच्या बाजूला तर मँगेनीजच्या खाणींमुळे दगड काळसर दिसतात. पावागडचा ज्वालामुखी खडक आणि त्याच्या पूर्वेचे त्याहून कितीतरी प्राचीन खडक यांतील फरक मी पुस्तकात वाचला तो परीक्षेपुरता. लक्षात राहिला तो सायकल घसरून गुडघा फुटला तेव्हा.

या वाटांचा आणि आपल्या प्रतापनगरचा संबंध जुना आहे. खंडेराव महाराजांनी 1862 साली डभोई ते मियागाम असा सुमारे 20 मैलांचा लोहमार्ग बांधविला. त्याची रुंदी अवघी अडीच फूट. रूळ इतके हलके की इंजिनाचा भार त्यांना पेलेना. म्हणून आरंभी त्यावर डबे ओढले ते बैलांनी. भारी रूळ घालून इंजिने नियमितपणे धावू लागली ती 1873 मध्ये. आपल्या स्टेशनाला तेव्हा गोयागेट म्हणत. तेथवर हा मार्ग 1880 मध्ये आला. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत फाट्यांना फाटे फुटत गेले आणि डभोई हे नॅरो गेजचे मोठे जंक्शन म्हणून सर्वत्र प्रसिद्ध झाले. संस्थानच्या दुसऱ्या टोकाला बिलीमोऱ्याहून वघईपर्यंत 63 किलोमीटरचा मार्ग डांगच्या सागासाठी गेला. चांपानेर रोडहून शिवराजपूर आणि पाणी माइन्स येथवर जो मार्ग गेला तो मँगेनीजसाठी. म्हणजे या रानात छोटी गाडी शिरली ती कापूस, लाकूड आणि खनिज बाहेर आणण्याकरिता. माणसे तिच्यात बसू लागली, हे तिचे पुढचे पुण्य.

यातील एक गोष्ट सर मुद्दाम सांगत. बैलाच्या चालीने सुरू झालेली ही जगातील विरळा रेल्वे. ती पुढे वाफेवर धावली तरी तिच्या भरावाने बैलाची चाल सोडली नाही. याचा अर्थ मला पुढे अभियांत्रिकीच्या वर्गात कळला. आगगाडीला चढ सोसत नाही. बोरघाटासारख्या अवघड जागी इंजिनांना 1:37 चा चढ चढावा लागला, तो अपवाद म्हणून नोंदला गेला. सपाट प्रदेशात लोहमार्गाचा चढ याहून पुष्कळच सौम्य ठेवतात. आमच्या सडकांना मैदानी मुलखात 1:30 चालतो. म्हणून रूळ काढून नेलेल्या भरावावर दहा वर्षांचे पोर आणि सत्तरीचा म्हातारा दोघेही न धापता सायकल चालवू शकतात. शिवाय भराव आजूबाजूच्या शेतापेक्षा उंच असतो आणि ओढ्यानाल्यावर त्याला बांधीव मोऱ्या असतात. पावसाळ्यात काळ्या जमिनीचा चिखल गुडघ्याएवढा होतो तेव्हा कोरडी राहते ती हीच एक पट्टी. हे वाक्य कृपया ध्यानात ठेवावे; मला त्याकडे पुन्हा यायचे आहे.

सायकलीविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण आजच्या तरुण मित्रांना ग्रॅव्हल बाईक हा नवा शोध वाटतो. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात एम्पोरिया या गावी 2006 पासून खडीच्या वाटांवर 200 मैलांची शर्यत भरू लागली आणि पुढे अशा सायकलींचा निराळा वर्गच बाजारात आला. शर्यतीच्या सायकलीसारखे वाकडे हँडल, चढासाठी हलके गिअर, डिस्कचे ब्रेक आणि 35 ते 50 मिलिमीटर रुंदीचे टायर, ही तिची लक्षणे. खरी मेख टायरात आहे. अरुंद टायरात हवा ठासून भरली की तो प्रत्येक खड्यावरून उडतो आणि त्या उडण्यात चालविणाऱ्याची शक्ती वाया जाते. रुंद टायरात हवा कमी ठेवली की तो खड्याभोवती दबतो आणि पुढे सरकतो. हे सारे खरे. परंतु आपल्या दूधवाल्याच्या, पोस्टमनच्या आणि सरांच्या त्या काळ्या, जड सायकलीचा टायर दीड इंची होता. म्हणजे 38 मिलिमीटर. त्या सायकली घडल्याच होत्या कच्च्या रस्त्यांसाठी. नव्या सायकलीचे वजन निम्म्याने घटले आणि गिअर वाढले, हा लाभ मी रोज गुडघ्यांनी मान्य करतो. पण टायरापुरते बोलायचे तर जग फिरून सरांच्या चाकापाशी आले आहे.

आता मी ज्या गोष्टीसाठी हा विषय निवडला ती सांगतो.

नोकरीच्या मध्यावर, 1990 नंतरच्या वर्षांत, एका सडकेच्या रुंदीकरणाचे काम माझ्याकडे होते. भरावासाठी माती आणि मुरूम हवा होता आणि तो दुरून आणावा लागणार होता. कामाच्या जागेपासून जवळच एका बंद पडलेल्या छोट्या मार्गाचा भराव पडून होता. रूळ केव्हाच निघून गेले होते. त्या भरावातील माती उचलली तर वाहतुकीचे अंतर, ज्याला आम्ही लीड म्हणतो, ते एकदम घटणार होते. मी प्रस्ताव तयार केला. त्यात एक रकाना होता : सदर जागेवरील सध्याची वाहतूक. त्यापुढे मी माझ्या हस्ताक्षरात लिहिले, "निरंक". कागदपत्रे रीतसर झाली, मंजुरी आली आणि पावसाळ्यापूर्वी दीड किलोमीटर भराव आम्ही उचलून नेला. अंदाजपत्रकात चांगली बचत झाली.

त्या उन्हाळ्यात मी सरांना भेटायला प्रतापनगरला गेलो. ते निवृत्त झाले होते, सायकल मात्र ओटीवर पुसून ठेवलेली असे. मी त्यांना बचतीची हकीकत मोठ्या उमेदीने सांगितली. मुलाने पगार घरी आणून द्यावा, तशा भावनेने सांगितली असे म्हटले तरी चालेल. सरांनी सर्व ऐकून घेतले आणि विचारले, "मोऱ्यांचे काय केलेस?" मी म्हणालो, "बांधकाम पक्के होते, तसेच ठेवले." ते म्हणाले, "म्हणजे पाण्याला वाट ठेवलीस." एवढेच. मग त्यांनी चहा मागविला आणि माझ्या मुलांची चौकशी केली.

त्या वाक्याचा अर्थ मला दोन वर्षांनी पावसाळ्यात कळला. त्याच भागात पाहणीसाठी गेलो असता एका प्राथमिक शाळेच्या गुरुजींनी सहज सांगितले की, पलीकडच्या वस्तीवरची मुले आता आषाढ-श्रावणात शाळेत येत नाहीत. पूर्वी ती रुळाच्या भरावावरून यायची. आता मधे चिखल असतो. गुरुजींना ठाऊक नव्हते की भराव कोणी नेला. मी त्यांना सांगितले नाही. त्यांच्या खोलीच्या दारातून पाहिले तर शेतात एक मोरी उभी होती. तिच्या दोन्ही बाजूंना काहीच नव्हते. ना चढण, ना उतरण. पाणी मात्र तिच्याखालून नीट वाहत होते.

मित्रहो, ज्या वाटेवर मी वाहतूक निरंक लिहिली, तिच्यावर रोज सकाळी दप्तरे जात होती. आम्ही मोटारी मोजतो. फार तर बैलगाड्या आणि सायकली मोजतो. डोक्यावर मोळी घेतलेली बाई, शेळ्यांमागचे पोर, अनवाणी शाळेत निघालेली मुलगी यांना आमच्या तक्त्यात जागा नसते. म्हणून ज्याला आपण शहरात बसून 'वर्दळ नसलेला रस्ता' म्हणतो तो क्वचितच रिकामा असतो. त्याच्यावरची वर्दळ हलक्या पावलांची असते, इतकेच. ती ऐकू यायची तर आपला वेगही तसाच हवा. सरांनी आम्हांला सायकलवरून रानात का नेले, हे मला वयाच्या चाळिशीनंतर समजले.

निवृत्तीनंतर मी पुन्हा त्या बाजूला जाऊ लागलो. आता प्रतापनगरहून छोटा उदेपूरकडे ब्रॉड गेजची गाडी जाते. तीच पुढे 2019 मध्ये अलीराजपूरपर्यंत पोहोचली आणि डभोईहून एकतानगरचा मार्ग 2021 च्या जानेवारीत सुरू झाला. त्या प्रगतीचा मला आनंदच आहे. बोडेलीच्या पुढे आडवाटेला लागले की अजूनही तासन्‌तास मोटार भेटत नाही. राठवा बांधवांची घरे गावठाणात दाटीने बसलेली नसतात. ज्याचे शेत त्याच्या शेतात ज्याचे घर. म्हणून घराघराला जोडणाऱ्या पायवाटांचे जाळे साऱ्या टेकड्यांवर पसरलेले असते. ओसरीच्या भिंतीवर पिठोऱ्याचे घोडे रंगविलेले दिसतात. फाल्गुनात पळस पेटतो. मग मोहाची फुले गळू लागतात आणि पहाटेच्या अंधारात बायका-मुले ती वेचायला झाडाखाली बसतात. 1858 च्या डिसेंबरात तात्या टोपे नर्मदा ओलांडून बडोद्याच्या रोखाने याच मुलखात आले आणि छोटा उदेपूरला त्यांची इंग्रजी फौजेशी गाठ पडून त्यांचा पराभव झाला. मराठी माणसाने त्या वाटेने जाताना एवढे स्मरण ठेवावे.

पण त्याहून जवळचे काही नियमही ध्यानात ठेवावेत. जांबुघोड्याचे सुमारे 130 चौरस किलोमीटर रान 1990 पासून अभयारण्य आहे. तेथे गावरस्ता सोडून आत शिरायचे तर वनखात्याची परवानगी लागते, आणि ती घ्यावी. बिबळ्या आहे, अस्वल आहे. अस्वलालाही मोह आवडतो, आणि त्याची वेळ पहाटेची व सांजेची असते. म्हणून ऊन वर आल्यावर निघावे आणि ते उतरण्यापूर्वी परतावे. समोरून गुरे आली तर सायकलवरून उतरून उभे राहावे. घंटी वाजवून वाट मागू नये. त्या वाटेवर आपण पाहुणे आहोत.

येथे एक आक्षेप येईल आणि तो मी स्वतःच घेतो. शहरातील माणसाला आठवड्यातून एकदा सायकल चालविण्यास मजा वाटते, म्हणून खेड्यातील वाट कच्ची ठेवायची काय? मुळीच नाही. अडलेल्या बाळंतिणीला झोळीत घालून मैलभर चिखलातून आणताना मी पाहिले आहे. 2000 च्या अखेरीस सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने ज्या वाड्यावस्त्यांना बारमाही रस्ता दिला, त्यांचे जगणे बदलले. गावाचा जोडरस्ता पक्काच हवा. त्यावर डांबर घालण्यात माझे आयुष्य गेले याची मला खंत नाही.

माझे म्हणणे तिसऱ्या प्रकारच्या वाटेविषयी आहे. बंद पडलेल्या छोट्या मार्गांचे भराव, कालव्यांच्या काठच्या पाहणीच्या पट्ट्या, वस्त्यांना जोडणाऱ्या जुन्या गाडीवाटा. यांना सडक करण्याची कोणाला गरज नसते, आणि म्हणूनच त्यांची गणती कोठेच होत नाही. कोणी त्यांतील माती नेतो, कोणी नांगर फिरवितो, कोणी कुंपण घालतो. एक-एक गाडी मातीने त्या नाहीशा होतात. पुन्हा तशी सलग, सौम्य चढाची, मोऱ्या बांधलेली जमीन विकत घ्यायची म्हटली तर कोणत्याही अंदाजपत्रकात ती बसणार नाही.

इतर देशांनी हे वेळीच ओळखले. अमेरिकेत 1983 मध्ये अशी कायदेशीर तरतूद झाली की, बंद होणारा लोहमार्ग मोडून न टाकता पायी आणि सायकलने जाणाऱ्यांना खुला ठेवावा. पुढे कधी रेल्वेला लागला तर तो परत मिळावा. जणू जमीन ठेव म्हणून राखली. मिसूरी राज्यात अशा रीतीने झालेली सुमारे 380 किलोमीटरची वाट बारीक चुनखडीच्या चुऱ्याची आहे. स्पेनने 1993 पासून आपल्या जुन्या मार्गांना हिरव्या वाटा म्हणून जपले. न्यूझीलंडच्या ओटागो प्रांतात 1990 मध्ये बंद झालेल्या मार्गावर 2000 मध्ये सुमारे 150 किलोमीटरची वाट खुली झाली. तिच्यामुळे वाटेवरच्या ओस पडत चाललेल्या छोट्या गावांत पुन्हा खाणावळी आणि मुक्कामाची घरे चालू लागली. आपल्याकडेही जाणीव अगदीच नव्हती असे नाही. 2018 मध्ये रेल्वेने गुजरातमधील पाच नॅरो गेज मार्ग वारसा म्हणून राखण्याचे ठरविले होते. डभोई–मियागाम, मियागाम–मालसर, चोरंदा–मोटी कोरल, प्रतापनगर–जंबुसर आणि बिलीमोरा–वघई, मिळून 204 किलोमीटर. त्यांपैकी वघईची गाडी 2021 मध्ये पुन्हा धावू लागली, हे पाहून अनेक जुन्या बडोदेकरांना भरून आले. जेथे गाडी धावेल तेथे ती धावावी. जेथे धावणार नाही तेथे निदान भराव राहावा, एवढेच माझे मागणे.

यासाठी फार पैसा लागत नाही, हे मी अभियंता म्हणून सांगतो. मोऱ्या साफ ठेवाव्या. माथ्याला दोन्ही बाजूंनी थोडा उतार द्यावा, म्हणजे पाणी साचणार नाही. वर मुरमाचा पातळ थर दाबून घालावा आणि बाजूंना गवत राहू द्यावे. गवत माती धरून ठेवते. दोन्ही टोकांना दगडी खांब असे रोवावे की सायकल, शेळी आणि दप्तर जाईल, ट्रॅक्टर आणि डंपर जाणार नाही. आणि सर्वांत आधी एक दिवस कोणीतरी सकाळी सहापासून त्या वाटेच्या कडेला वही घेऊन बसावे, आणि जाणारे प्रत्येक पाऊल मोजावे.

विद्यार्थिमित्रहो, हे शेवटचे काम मी तुमच्यावर सोपवितो. शाळेच्या भूगोल मंडळाने या हिवाळ्यात एखादी वाट निवडावी. प्रतापनगरहून गाडीने जावे, पुढे सायकलीने. वहीत तीन रकाने आखावेत : कोण गेले, कोठे निघाले, आणि ही वाट नसती तर कोठून गेले असते. अशी वही तयार झाली तर मी ती स्वतः संबंधित कचेरीत नेऊन देईन. माझ्या जुन्या प्रस्तावातील तो एक शब्द आता खोडता येत नाही. निदान दुसऱ्या कोणा तरुण अभियंत्याने तो पुन्हा लिहू नये.

सरांनी मला कधी दोष दिला नाही. पुढच्या रविवारी येतोस का, एवढेच त्यांनी विचारले होते, आणि मी कामाची सबब सांगितली होती. तो रविवार राहून गेला.